पेट्रोल पाईप बदलणे: दोनशे रुपयांचं काम आणि अख्ख्या दुकानाची पत



मागच्या व्हिडिओत आपण टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत येणारा पेट्रोल पाईप बदलून दाखवला. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न पाईपबद्दल नव्हता. प्रश्न होता, "सर, याचे घ्यायचे किती?" गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं दुकान टाकायच्या तयारीत असलेल्या माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण त्याचं उत्तर नुसत्या आकड्यात देता येत नाही. हे काम नेमकं काय आहे, त्यात धोका कुठे आहे आणि आपण गिऱ्हाईकाला काय देतोय, हे समजलं की आकडा आपोआप निघतो. म्हणून आजच्या पाठात दोन्ही गोष्टी घेऊ. आधी काम, मग हिशोब.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. वीतभर रबराचा हा तुकडा गाडीतल्या सगळ्यात स्वस्त पार्टपैकी एक आहे. पण त्याच्या एका टोकाला दहा लिटर पेट्रोल असतं आणि हातभर अंतरावर तापलेलं इंजिन. आरसा चुकीचा बसला तर गिऱ्हाईक परत येतं. पेट्रोल पाईप चुकीचा बसला तर कदाचित गाडीच परत येत नाही. म्हणून छोटं काम आहे म्हणून ते हलक्यात घेऊ नका.

हा पाईप करतो काय?

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून खाली येतं ते स्वतःच्या वजनाने. टाकी वर, कार्बोरेटर खाली. मध्ये पेट्रोल कॉक असतो, त्यावर ऑन, रिझर्व्ह आणि बऱ्याच गाड्यांत ऑफ अशा खुणा असतात. कॉकच्या निपलवर पाईपचं एक टोक, कार्बोरेटरच्या निपलवर दुसरं. दोन्हीकडे तारेची स्प्रिंग क्लिप. जुनी स्प्लेंडर घ्या, आरएक्स १०० घ्या, जुनी बुलेट घ्या, रचना हीच.

काही गाड्यांत व्हॅक्यूम कॉक असतो. तिथे दोन पाईप दिसतात. एक जाड पेट्रोलचा, दुसरा बारीक व्हॅक्यूमचा. इंजिन फिरलं की व्हॅक्यूमच्या ओढीने कॉक उघडतो, इंजिन बंद झालं की बंद होतो. हा बारीक पाईप तडकला तर थेंबभर पेट्रोल गळत नाही, पण गाडी चालता चालता पेट्रोलअभावी मरते. नवीन मुलं अशा वेळी कार्बोरेटर खोलून बसतात आणि अर्धा दिवस घालवतात. आधी दोन्ही पाईप बघायचे, मग पान्याला हात लावायचा.

रबर मरतं कशाने?

रबर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून मरतं. बाहेरून ऊन, इंजिनची धग आणि हवेतला ओझोन त्याला कोरडं करतात, मग बारीक भेगा पडतात. आतून पेट्रोल त्यातला मऊपणा ठेवणारा अंश हळूहळू काढून घेतं. विदर्भात गाडी दिवसभर उन्हात उभी राहते, तिथे पाईप लवकर कडक झालेले दिसतात. कोकणात दमटपणामुळे क्लिपा गंजतात आणि गंजलेली क्लिप पाईपची पकड सोडते. उभी राहिलेली गाडी तर आणखी वाईट. वर्षभर शेडमध्ये पडलेल्या गाडीचा पाईप आतून सुकतो आणि पुन्हा पेट्रोल भरलं की दोन-तीन दिवसांत पाझरायला लागतो.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याकडे २०२३ पासून ई-२० पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपावर आलं. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. नवीन गाड्यांचं रबर ते धरून बनवलेलं असतं. जुन्या गाड्यांच्या बाबतीत, दीर्घ वापरानंतर म्हणजे साधारण २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण बघायचं कारण नक्की आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरायला मदत होते. तो गंज आणि सुटलेला रबराचा चुरा, दोन्ही शेवटी कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात.

उद्योजक म्हणून यातून काय घ्यायचं? आपल्या तालुक्यात दहा-पंधरा वर्षं जुन्या हजारो गाड्या रोज धावताहेत. त्यांच्या मालकांनी हा पाईप कधी पाहिलेलासुद्धा नाही. काम आहे. ते नीट करणारा माणूस कमी आहे.

तीन मिनिटांची तपासणी

ऑइल बदलायला आलेल्या प्रत्येक गाडीची ही तपासणी करा, आणि फुकट करा.

१. वास घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर कुठेतरी गळती आहेच.

२. डाग बघा. पेट्रोल उडून जातं पण मागे पिवळसर-तपकिरी डाग ठेवतं. निपलच्या तोंडाशी, कॉकच्या खाली आणि इंजिनच्या फिन्सवर बघा.

३. पाईप दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. चांगला पाईप वाकतो आणि सोडला की सरळ होतो. मेलेला पाईप वाकताना भेगा दाखवतो किंवा वाकतच नाही.

४. नखाने दाबा. कडक प्लास्टिकसारखा लागला तर मेला. चिकट, फुगलेला, लिबलिबीत लागला तरी मेलाच.

५. टोकं नीट बघा. भेगा बहुतेक वेळा क्लिपच्या खाली, निपलच्या कडेशी सुरू होतात. मधला पाईप चकचकीत आणि टोक फाटलेलं, असं खूप वेळा दिसतं.

काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये पेट्रोल पाईप दर चार वर्षांनी बदलायला सांगितलेला असतो. गाडी जुनी असेल आणि पाईप मूळचाच असेल तर मालकाला तेवढं सांगून ठेवा. भीती घालू नका. चांगला पाईप बदलून पैसे घेणं ही फसवणूक आहे आणि ती एक ना एक दिवस गावात कळतेच.

पाईप कोणता घ्यायचा?

पहिली पसंती त्या गाडीचा मूळ पार्ट. त्याला हवं तसं वळण दिलेलं असतं आणि लांबी बरोबर असते. तो मिळाला नाही तर मीटरवर मिळणारा पेट्रोलचा रबरी पाईप घ्या. घेताना पाईपवर छापलेलं वाचा. एसएई जे३० आर७ असा शिक्का असेल तर तो कार्बोरेटरच्या कमी दाबाच्या लाइनसाठी चालतो. काहीच छापलेलं नसेल तर दुकानदार कितीही शपथा घेऊ दे, ठेवून द्या.

आतला व्यास व्हर्नियरने मोजा. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांत तो ५ ते ६ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण अंदाजावर जाऊ नका. मोठा पाईप घेऊन क्लिप आवळून बसवला की तो एका बाजूने सुरकुततो आणि तिथूनच पाझरतो. लहान पाईप ताणून बसवला की टोकाला लवकर फाटतो.

आणि आता जुगाडाबद्दल. पारदर्शक प्लास्टिकचा पाईप, सलाइनची नळी, गवंड्याचा लेव्हल पाईप, हे सगळं पेट्रोलच्या जागी लावलेलं मी रोज बघतो. पेट्रोल दिसतं म्हणून गिऱ्हाईकालाही ते आवडतं. पण साध्या पारदर्शक नळीतलं तिला मऊ ठेवणारं रसायन पेट्रोल काढून घेतं. काही आठवड्यांत नळी काडीसारखी कडक होते, आखडते आणि एका खड्ड्यात निपलवरून निसटते. तसंच सिलिकॉन सीलंटचं. ते पेट्रोलमध्ये टिकत नाही, सुटतं आणि आत जातं. टेप गुंडाळणं तर विषयच सोडा. तडकलेल्या पेट्रोल पाईपला दुरुस्ती नसते. तो बदलायचाच असतो.

काम करायची पद्धत

जागा मोकळी आणि हवेशीर हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात आणि कोपऱ्यात साचते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतसुद्धा ते पेट घ्यायला तयारच असतं. शेजारी वेल्डिंग, ग्राइंडर, गॅस, उदबत्ती, विडी काही नको. सकाळी दुकान उघडल्यावर आपण देवाला दिवा लावतो, तो कामाच्या जागेपासून लांब आणि उंचावर असू द्या.

१. इंजिन थंड होऊ द्या. गाडी मेन स्टँडवर घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

२. कॉक ऑफ करा. कॉकला ऑफ नसेल किंवा गळती कॉकच्याच सीलमधून असेल तर टाकी रिकामी करावी लागेल. पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये काढा आणि कॅन जमिनीवर ठेवा. तोंडाने ओढून पेट्रोल काढायची सवय आजच सोडा. फुफ्फुसात गेलेलं चमचाभर पेट्रोल माणसाला हॉस्पिटलमध्ये पोचवतं.

३. पाईपखाली छोटं भांडं आणि फडकं ठेवा. पाईपमध्ये उरलेलं पेट्रोल इंजिनवर पडता कामा नये.

४. नोज प्लायरने क्लिप दाबून मागे सरकवा. पाईप जोरात ओढू नका. कडक झालेला पाईप ओढला की कॉकचं किंवा कार्बोरेटरचं निपल हलतं किंवा तुटतं, आणि मग दोनशेचं काम दोन हजारांवर जातं. ब्लेडने पाईपच्या टोकाला लांबीच्या दिशेने हलकी चीर द्या आणि सोलून काढा. ब्लेड निपलला लागू देऊ नका, तिथला ओरखडा म्हणजे पुढची गळती.

५. कॉकचं तोंड मोकळं असतानाच भांडं धरून दोन मिनिटं थांबा. ऑफवर असताना थेंब येत असेल तर कॉकही खराब आहे. हे गिऱ्हाईकाला तिथेच दाखवा, नंतर सांगितलं तर त्याला वाटेल तुम्हीच बिघडवलं.

६. निपल फडक्याने पुसा. गंज, चुरा काढा.

७. जुन्या पाईपच्या मापाने नवा पाईप धारदार ब्लेडने सरळ कापा. तिरका काप नको. लांब पाईप ठेवला तर मध्ये कुबड येतं, तिथे हवा अडकते आणि गाडी झटके देते. आखूड ठेवला तर टाकी बसवताना ताण येतो. पाईप वरून खाली सतत उतरता असावा, सिलेंडर हेडला आणि सायलेन्सरला टेकू नये, टाकी आणि चॅसीच्या मध्ये दबू नये.

८. पाईप चढत नसेल तर टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवा आणि कोरडं करून चढवा. लायटरने गरम करायचं नाही, ग्रीस लावायचं नाही. पाईप निपलच्या फुगीर कडेच्या पुढे पूर्ण जायला हवा आणि क्लिप त्या कडेच्या मागे बसायला हवी.

९. क्लिपा नव्या टाका. पाच रुपये वाचवायला जुनी सैल क्लिप लावू नका. स्क्रूची जाड क्लिप एवढ्या बारीक पाईपवर आवळली की रबर कापते, म्हणून स्प्रिंग क्लिपच बरी.

१०. आता कॉक ऑन करून पाच मिनिटं काहीच करू नका. कोरडा पांढरा कागद दोन्ही टोकांना टेकवून बघा. मग सांडलेलं सगळं पुसून, फडकी बाहेर ठेवून, बॅटरी जोडून इंजिन सुरू करा. पाच मिनिटं चालवा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. इंजिन गरम झाल्यावर कागद पुन्हा टेकवा. दोन्ही वेळा कागद कोरडा राहिला तरच काम झालं.

ही दहावी पायरी घाईत सगळ्यात आधी गळते. पण गिऱ्हाईक खरे पैसे देतं ते याच पायरीचे. पाईप तर कोणीही लावतं.

इंजेक्शनची गाडी आली तर?

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या नव्या दुचाकी फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. तिथे टाकीत पंप असतो आणि पाईपमध्ये सुमारे ३ बार दाब असतो. इंजिन बंद केल्यावरही दाब राहतो. त्या पाईपला क्लिपऐवजी खास लॉकचे जोड असतात. कार्बोरेटरचा मीटरवरचा पाईप तिथे लावला तर तो थेंब थेंब गळणार नाही, फवारा मारेल.

तुम्ही ते काम शिकला नसाल तर सरळ सांगा, "हे काम माझ्याकडे होत नाही, सर्व्हिस सेंटरला दाखवा." शिकला असाल तर आधी दाब उतरवायचा आणि त्या गाडीचा मूळ पाईपच वापरायचा. काम नाकारलं म्हणून गिऱ्हाईक तुटत नाही. उलट, हा माणूस येत नसलेलं काम करत नाही, हे त्याच्या लक्षात राहतं.

आता हिशोब

आकडे उदाहरणादाखल घेतलेत. तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा करा.

समजा तुमचं छोटं गॅरेज आहे. महिन्याचा खर्च असा:

भाडं ८,००० रुपये
मदतनीस मुलगा १०,००० रुपये
वीज आणि पाणी २,००० रुपये
किरकोळ १,००० रुपये
तुमचा स्वतःचा पगार १५,००० रुपये
एकूण ३६,००० रुपये

स्वतःचा पगार खर्चात धरायचा, हे माझ्या प्रत्येक बॅचमध्ये मी सांगतो आणि प्रत्येक बॅचमध्ये निम्मे लोक विसरतात. गल्ल्यात उरेल तो आपला, असा धंदा करणाऱ्याला महिन्याच्या शेवटी कळतच नाही की दुकान चाललं की तो फुकट राबला.

महिन्याचे कामाचे दिवस २६ धरा. म्हणजे दिवसाचा खर्च सुमारे १,३८५ रुपये. आता तास. दुकान आठ तास उघडं असतं, पण पार्ट आणणं, फोन, चहा, वाट बघणं सोडून प्रत्यक्ष बिलाचं काम होतं समजा पाच तास. हे पाच तास जमेस धरायचे, आठ नाही. १,३८५ भागिले ५ म्हणजे तासाला २७७ रुपये, मिनिटाला साधारण ४ रुपये ६० पैसे.

आपलं पाईपचं काम, तपासणी आणि दोनदा कागद लावण्यासकट, २५ मिनिटांचं. मग:

पाईप २५ सेंटिमीटर, १२० रुपये मीटरने: ३० रुपये
तुकडा वाया: ५ रुपये
दोन क्लिपा: १० रुपये
ब्लेड, फडकं: ५ रुपये
२५ मिनिटं: ११५ रुपये
परत तपासणीची तरतूद: ७ रुपये
एकूण: १७२ रुपये

शेवटची ओळ समजून घ्या. आपण गिऱ्हाईकाला सांगणार आहोत की शंका आली तर परत या, फुकट बघून देतो. दहातला एक जण आला आणि पंधरा मिनिटं गेली असं धरलं, तर ते सुमारे ७० रुपये दहा कामांवर वाटायचे. हमी फुकट देता येते, पण ती फुकट पडत नाही.

१७२ वर थोडा नफा धरून दर २०० रुपये. नफा २८.

आता हाच हिशोब आठ तासांनी केला तर मिनिटाचा खर्च तीन रुपयांच्या आत दिसतो, २५ मिनिटं ७२ रुपयांत बसतात आणि काम १२९ रुपयांत झालं असं वाटतं. म्हणून माणूस आनंदाने १५० घेतो. कागदावर २१ रुपये नफा, प्रत्यक्षात २२ रुपये तोटा. अशी महिन्याला ४० कामं केली तर ८८० रुपये खिशातून गेले, आणि तेही भरपूर काम केल्याच्या समाधानात.

"समोरचा साठ रुपयांत करतो"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. आमच्या दुकानात साधारण असं बोलणं होतं.

"काय मालक, एवढ्याशा नळीचे दोनशे? समोरचा साठ रुपयांत करून देतो की."

"करत असेल काका. त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझे दोनशे कशाचे ते सांगतो. हा बघा तुमचा जुना पाईप, वाकवून बघा तुम्हीच."

"तडकलाय खरा."

"नवीन पाईप पेट्रोलचाच आहे, हा बघा शिक्का. दोन क्लिपा नव्या. गाडी तुमच्यासमोर गरम करून कागद लावून दाखवतो. कागद ओला झाला तर एक रुपया देऊ नका. आणि बिलावर तारीख टाकून देतो."

"मग करा. पण लवकर करा, मला बाजाराला जायचंय."

"पंचवीस मिनिटं लागतील काका. तेवढा चहा घ्या."

यात तीन गोष्टी आहेत. शेजारच्याला नावं ठेवली नाहीत. जुना पाईप गिऱ्हाईकाच्या हातात दिला. आणि घाई आहे म्हटल्यावर वेळ कमी सांगितली नाही. दहापैकी दोन-तीन जण तरीही साठवाल्याकडे जातील. जाऊ द्या. त्यांच्यासाठी दर पाडलात तर उरलेल्या सात-आठ जणांच्या कामातली दहावी पायरी गळेल.

बिल मात्र प्रत्येकाला द्या, मागितलं नाही तरी द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक तक्रार करू शकतो, आणि बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. बिलावर गाडी नंबर, किलोमीटर, पाईपचा प्रकार, तारीख लिहा आणि "दोनदा तपासले, गळती नाही" ही ओळ टाका. गिऱ्हाईकाची सही घ्या. कॉक खराब दिसला आणि त्याने बदलायला नाही म्हटलं, तर तेही लिहा. हा कागद तुमचं रक्षण करतो आणि पुढच्या वेळी तोच कागद गिऱ्हाईकाला परत आणतो.

दुकानातलं पेट्रोल

बरेच जण टाकीतून काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटल्यांत भरून बाकड्याखाली ठेवतात. पार्ट धुवायलाही पेट्रोलच वापरतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय जास्तीत जास्त ३० लिटर ठेवायला सूट आहे. तेही घट्ट बुचाच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात असेल तर एक लिटरपर्यंतच्या आणि धातूच्या भांड्यात असेल तर २५ लिटरपर्यंतच्या. प्लास्टिकची बाटली यात कुठेच बसत नाही. काढलेलं पेट्रोल त्याच दिवशी त्याच गाडीत परत टाका, पार्ट धुवायला डिग्रीजर आणा.

एबीसी पावडरचा अग्निशामक घ्या आणि तो दाराजवळ लावा. बाकड्यामागे लावला तर आगीच्या पलीकडे जाऊन तो आणणार कोण? काटा हिरव्यात आहे का, हे दर महिन्याला बघा. जोडीला कोरड्या वाळूची बादली. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरवतं. मदतनीस मुलाला हे सगळं हातात देऊन शिकवा. आग लागली तर गाडी वाचवायला जायचं नाही, माणसं आधी बाहेर काढायची, हेही त्याला स्पष्ट सांगा. गाडीचे पैसे भरून देता येतात.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरच्या आणि शेजारच्या मिळून पाच गाड्यांची तीन मिनिटांची तपासणी करा. किती पाईप मेलेले निघाले ते वहीत लिहा. तुमच्या भागातला या कामाचा बाजार तुम्हाला तिथेच दिसेल.

२. तुमच्या गावात पेट्रोल पाईपचा मीटरचा भाव तीन दुकानांत विचारा. शिक्का असलेला आणि नसलेला, दोन्हींचा.

३. वरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करा. स्वतःचा पगार आणि बिलाचे खरे तास धरायला विसरू नका.

४. आणि एका जुन्या गाडीवर, माहितगार माणसाला शेजारी उभं करून, दहाच्या दहा पायऱ्या करून बघा. घड्याळ लावा. तुम्हाला २५ ऐवजी ४० मिनिटं लागली तर तुमचा आजचा दर वेगळा निघेल. पण गिऱ्हाईकाकडून तुमच्या शिकण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. दर २५ मिनिटांचाच लावा आणि हात बसेपर्यंतचा फरक स्वतःचा शिक्षणखर्च समजा.

तुमचा आकडा किती निघाला, ते गावाच्या नावासकट मला कळवा. कोणाचा दर बरोबर, हे ठरवायचं नाहीये. लातूरचा, चिपळूणचा आणि चंद्रपूरचा हिशोब शेजारी शेजारी ठेवला की भाडं, मजुरी आणि पाईपचा भाव दराला कुठे कुठे ओढतात, ते सगळ्यांनाच दिसेल. पुढच्या पाठात याच पद्धतीने ब्रेक शूचं काम घेऊ. तोवर कागद कोरडा ठेवा!